क्लिच्कोनं पाडलं कुणाला?

३० एप्रिल २०१७. रात्रीचे अडीच वाजून गेलेले. एप्रिलच्या शेवटी सोलापुरात त्या वेळीसुद्धा गच्चीची फरशी पाठीला कोमट लागते. संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारून सतरंजी टाकलेली, उशाला पाण्याची कळशी आणि भाच्याच्या हातात फोन. तिकडे लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर हेवीवेट मुष्टियुद्धाची लढत बघायला नव्वद हजार माणसं, इकडे आम्ही तिघं त्या वीतभर काचेवर वाकलेलो. पाचव्या फेरीत ब्रिटनच्या अँथनी जोशुआनं युक्रेनच्या व्लादिमिर क्लिच्कोला खाली बसवलं. भाचा म्हणाला, "संपलं मामा म्हातारं." सहाव्या फेरीत त्याच म्हाताऱ्याचा उजवा हात सरळ आत शिरला आणि सत्तावीस वर्षांचा जोशुआ आडवा. भाचा गप्प. खालून बहीण ओरडली, "झोपा की आता, शेजारचे शिव्या द्यालेत." अकराव्या फेरीत जोशुआचा खालून वर आलेला ठोसा क्लिच्कोच्या हनुवटीवर बसला आणि त्याची मान अशी मागे गेली की आम्हीच मागे सरकलो. त्यानंतर तो पडला, उठला, पुन्हा पडला, पुन्हा उठला. मग पंचांनी लढत थांबवली. क्लिच्को तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता.

दिवस उजाडला तो रविवार. कन्ना चौकाजवळच्या टपरीवर भाचा सगळ्यांना सांगत होता, "काय लढला बे तो! मानलं त्याला." हा तोच भाचा, जो आधीची पाच-सहा वर्षं क्लिच्कोला 'भोपळे फोडणारा' म्हणायचा. क्लिच्कोनं किताब ओळीनं अठरा वेळा राखला तेव्हा यानं मानलं नव्हतं. हरल्यावर मानलं. मला ते तेव्हा खटकलं आणि अजून खटकतं.

टपरीवर अण्णा होते. गिरणीत जॉबर होते, गिरणी बंद पडली तेव्हा घरी बसले. तरुणपणी तालमीत होते, दोन्ही कान मोडलेले. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि एकच विचारलं, "ते मानलं-बिनलं राहू दे. त्यानं पाडलं कुणाला?"

जगभरचे मुष्टियुद्धाचे शौकीन क्लिच्कोबद्दल हाच प्रश्न विचारतात. एप्रिल २००६ मध्ये त्यानं ख्रिस बर्डकडून किताब घेतला, तो नोव्हेंबर २०१५ मध्ये टायसन फ्युरीकडे हरला. मधली साडेनऊ वर्षं हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनाच्या गटाचा, राजा तोच. एका दमात इतका दीर्घ काळ या वजनात फक्त जो लुई गादीवर बसला होता. कारकिर्दीत ६४ विजय, त्यातले ५३ नॉकआउट, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचं सुवर्ण. तरी सर्वकालीन थोरांची यादी निघाली की क्लिच्कोला दहाव्या-बाराव्या पाटावर बसवतात आणि कारण एकच देतात: काळ पडता होता, समोर कुणी नव्हतं.

माझं म्हणणं असं, की हा आरोप अर्धा खरा आहे, पण तो ज्या तराजूवर तोलला जातो तो तराजूच खोटा आहे.

आपल्याकडचंच बघा. मोहोळ, माढा, पंढरपूर, कुठल्याही गावच्या जत्रेत कुस्तीच्या फडावर सगळ्यात जास्त भांडण होतं ते जोड लावताना. हलगी वाजत असते, पोरं लांग घालून मातीत उतरलेली असतात, पंच एकाचा हात धरून फडभर फिरवतो आणि समोरून कोण येतो ते बघतो. दोघांना एकमेकांसमोर उभं करतात. खांदा बघतात, मान बघतात, कुठल्या तालमीचा ते विचारतात. "जोड जमत न्हाई, पोरगं हलकं पडतंय," असं कडेचा एखादा म्हातारा ओरडतो आणि पंच ऐकतोसुद्धा. ऐकतो, कारण अजून हातसलामी झालेली नाही. एकदा सलामी झाली, डाव पडला, पाठ मातीला लागली, मग कुणी "जोडच कमजोर होती" म्हणालं तर त्याला फडात कोण विचारतो? तू तेव्हा कुठं होतास, असंच म्हणतील.

क्लिच्कोच्या बाबतीत जगानं उलटं केलं. जोड लागताना गप्प बसलं आणि निकाल लागल्यावर हरकत घेतली.

रुस्लान चगाएव घ्या. जून २००९ मध्ये जर्मनीत शाल्कं क्लबच्या फुटबॉल मैदानावर तो क्लिच्कोसमोर उभा राहिला तेव्हा अपराजित होता आणि दोन वर्षांपूर्वी त्यानं सात फुटी निकोलाय व्हॅल्युएव्हला हरवलं होतं. खरं तर त्या रात्री डेव्हिड हे लढायचा होता, त्याची पाठ दुखावली म्हणून चगाएव आला. म्हणजे बदली गडीसुद्धा अपराजित. क्लिच्कोनं नऊ फेऱ्या डाव्या हाताच्या जॅबनं, म्हणजे सरळ झटक्याच्या ठोशांनी, त्याचा चेहरा सुजवला, चगाएव दहाव्या फेरीसाठी उठला नाही. त्या दिवसापासून चगाएव 'बुटका, हळू, किरकोळ'. डेव्हिड हे स्वतः २०११ मध्ये आला, तोही डब्ल्यूबीए या जागतिक संस्थेचा किताब घेऊन. त्याआधी खालच्या क्रूझरवेट गटात त्यानं बाकी सगळ्यांना गप्प केलेलं. हँबुर्गमध्ये बारा फेऱ्या पळाला, गुणांवर हरला आणि शेवटी पायाचं बोट मोडलं होतं म्हणून बूट काढून दाखवू लागला. तो दिवस आणि आजचा दिवस, डेव्हिड हे म्हणजे 'बोटवाला'. अलेक्झांडर पोव्हेत्किन अथेन्सचा ऑलिंपिक विजेता, २६ लढती, एकही पराभव नाही. २०१३ मध्ये मॉस्कोत, स्वतःच्या घरी, क्लिच्कोनं त्याला चार वेळा खाली पाडलं. पोव्हेत्किनही मग 'ओव्हररेटेड'.

क्लिच्कोनं ज्याला ज्याला हरवलं त्याची किंमत हरण्यामुळेच उतरली, आणि त्या उतरलेल्या किमतीत क्लिच्कोचा हिशेब केला गेला. अशा हिशेबात जिंकणारा कधीच नफ्यात येत नाही.

याची उलट तपासणी फ्युरीवर करता येते. नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फला फ्युरी आला तेव्हा बहुतेकांचं मत होतं की क्लिच्को सहज जिंकेल. फ्युरी अपराजित होता हे खरं, पण अडीच वर्षांपूर्वी स्टीव्ह कनिंगहॅमनं, जो मुळात हलक्या गटातला गडी, त्याला न्यूयॉर्कमध्ये धाडकन आपटलं होतं. आधीच्या एका लढतीत तर फ्युरीनं खालून ठोसा मारताना तो स्वतःच्याच तोंडावर मारून घेतला होता. ती क्लिप अजून फिरते. पत्रकार परिषदेला हा माणूस बॅटमॅनचा पोशाख घालून आला. आता कल्पना करा, त्या रात्री तीनही न्यायाधीशांची कार्डं क्लिच्कोच्या बाजूनं गेली असती. मग आपण काय म्हणालो असतो? 'शेवटी तर तो बॅटमॅनच्या कपड्यातल्या, स्वतःलाच ठोसा मारणाऱ्या विदूषकाशी लढला. समोर कुणी नव्हतंच.' पुढं डिऑन्टे वाइल्डरशी तीन लढती करून मोठा झालेला फ्युरी आपल्याला दिसलाच नसता. फ्युरी मोठा आहे हे आपल्याला कळलं, कारण तो जिंकला. तो हरला असता तर त्याचं मोठेपणही क्लिच्कोच्या 'भोपळ्यां'च्या ढिगात गेलं असतं. मग त्या ढिगात आज आणखी कोण कोण पडलेलं असेल?

मी हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, ह्या हिशोबानं कुणालाच कमजोर म्हणता येणार न्हाई." मुद्दा बरोबर आहे. कमजोर असतात, भरपूर असतात आणि प्रत्येकाच्या खात्यावर असतात.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. तिथं काम धरलं तेव्हाची गोष्ट. बाहेरून एका व्यापाऱ्यानं चादरीचा नमुना पाठवला होता. हाताला जाड, भरदार, भाव आमच्यापेक्षा कमी. आमच्या म्हाताऱ्या मास्तरांनी तो काट्यावर टाकला, वजन कागदावर लिहिलं आणि पोऱ्याला सांगितलं, बादलीत कोमट पाणी घेऊन ये. चादर भिजवली, चोळली, पिळली. बादलीतलं पाणी पेजेसारखं पांढरं झालं. मग ती गच्चीवर वाळत घातली, दुपारी पुन्हा काट्यावर टाकली. मास्तरांनी दुसरा आकडा पहिल्याखाली लिहिला, दोन्हींच्या मधे रेघ मारली आणि म्हणाले, "एवढी खळ." धुतलेली चादर हातात घेतली तर आरपार उजेड दिसत होता.

मुष्टियोद्ध्याच्या आकड्यांतही अशी खळ असते. सगळ्यांच्याच. व्यवसायात नवा पोरगा उतरला की पहिल्या वीस-पंचवीस लढती त्याचा व्यवस्थापक निवडून देतो. समोर हरण्याचा सराव असलेले लोक आणतात. क्लिच्कोनं पहिल्या दोन वर्षांत २४ लढती मारल्या, त्यातली बरीच अशीच खळ. ती धुतली कुणी? डिसेंबर १९९८ मध्ये, कीव्हमध्ये, रॉस प्युरिटी नावाच्या, डझनभर पराभव पाठीशी असलेल्या अमेरिकन गड्यानं. क्लिच्को दमला, श्वास संपला, अकराव्या फेरीत लढत थांबली. स्वतःच्या गावच्या लोकांसमोर.

तेव्हा प्रश्न समोर कमजोर किती आले हा नाही. ते वजा करून काय उरतं हा आहे. हा काटा एकट्या क्लिच्कोला लावून चालणार नाही.

जो लुईनं २५ वेळा किताब राखला, तो आकडा आजवर या वजनात कुणाला गाठता आला नाही. पण १९४० च्या अखेरीपासून तो जवळजवळ महिन्याला एक लढत घ्यायला लागला तेव्हा अमेरिकेतल्या पत्रकारांनी त्या मालिकेला 'बम ऑफ द मंथ' असं नाव पाडलं, म्हणजे दरमहा एक टाकाऊ गडी. त्याच मालिकेच्या शेवटी जून १९४१ मध्ये बिली कॉन आला. तो लुईपेक्षा कितीतरी हलका, पण बाराव्या फेरीअखेर गुणांमध्ये पुढं होता. तेराव्या फेरीत अंगावर धावून गेला आणि झोपला. आज लुईचं नाव पहिल्या दोनात घेतात आणि टाकाऊ गड्यांची चर्चा कुणी करत नाही. रॉकी मार्सियानो ४९ पैकी ४९. पण त्यानं १९५१ मध्ये पाडलेला जो लुई सदतीस वर्षांचा होता, ज्याच्याकडून किताब घेतला तो जर्सी जो वॉलकॉट अडतीसचा आणि शेवटच्या लढतीतला आर्ची मूर चाळिशीला टेकलेला. महंमद अलीचं नाव घेतलं की सगळे उभे राहतात, मीही राहतो. पण १९७६ मध्ये अलीनं जाँ-पिअर कूपमन आणि रिचर्ड डन यांच्याशी किताबाच्या लढती केल्या हे किती जणांना आठवतं? क्लिच्कोच्या खात्यातला सगळ्यात किरकोळ गडीही कूपमनच्या शेजारी बसला असता तर शोभला असता.

फरक एवढाच, की अलीच्या खात्यात त्याच पानावर फ्रेझर आहे, फोरमन आहे, लिस्टन आहे, नॉर्टन आहे. अलीची चादर कितीही धुवा, जड ती जडच. क्लिच्कोकडे फ्रेझर नाही. इथं मी हार मानतो. हरवलेल्यांमध्ये ज्याच्या नावानं रात्री अंगावर काटा येईल असा एकही माणूस क्लिच्कोच्या खात्यात नाही. ही उणीव खरी आहे, आणि ती वेम्बलीच्या त्या रात्रीनंही भरून निघत नाही, कारण वेम्बलीत तो हरला.

पण त्याला फ्रेझर मिळाला नाही आणि तो फ्रेझरला पाडू शकला नसता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेनॉक्स लुईसनं फेब्रुवारी २००४ मध्ये हातमोजे खुंटीला टांगले तेव्हा क्लिच्को सत्तावीस वर्षांचा होता. मागच्या पिढीचा शेवटचा मोठा माणूस निघून गेला, पुढच्या पिढीचे फ्युरी-जोशुआ अजून शाळकरी वयात. मधल्या ओसाड पट्ट्यात जो जन्मला त्यानं करायचं काय? दुष्काळी वर्षी कसणाऱ्यानं पीक कमी काढलं म्हणून त्याला कसता येत नाही असं आपल्या जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये.

आणि तो पट्टा खरोखर इतका ओसाड होता का, हाही प्रश्न आहे. चगाएव, पोव्हेत्किन, सुलतान इब्रागिमोव्ह, कुब्रात पुलेव्ह. यातले बहुतेक जण सोव्हिएत राज्य मोडल्यावर व्यावसायिक रिंगमध्ये उतरलेल्या पिढीतले, हौशी मुष्टियुद्धात शेकडो लढती करून घोटून निघालेले. त्यांचा दोष मला दिसतो तो एवढाच, की ते अमेरिकन नव्हते, त्यांच्या मुलाखती इंग्रजीत होत नव्हत्या आणि बऱ्याच लढती जर्मनीत व्हायच्या. ज्याचं नाव जिभेवर बसत नाही तो कमजोर, हा न्याय आपल्याला नवा नाही. मोहोळ-माढ्याकडचं पोरगं गावच्या फडात कितीही उलथापालथ करो, त्याला वजन येतं ते कोल्हापूरच्या एखाद्या नामांकित तालमीचं नाव मागं लागल्यावर. पोरगं तेच, डावही तेच.

मग क्लिच्कोवर आरोप करायचेच तर कुठले? माझ्याकडे आहेत.

पहिला, मॉस्कोची ती रात्र. पोव्हेत्किनला चार वेळा पाडलं हे मी वर अभिमानानं लिहिलं, पण ती लढत मी दुसऱ्यांदा बघू शकलो नाही. साडेसहा फुटांचा, शंभर किलोंच्या पुढचा माणूस प्रत्येक वेळी जॅब मारतो आणि लगेच समोरच्याच्या मानेवर आडवा पडून त्याला खाली दाबतो. मिठी, दाब, पंच येऊन सोडवतो, जॅब, पुन्हा मिठी. छत्तीस मिनिटं. आमच्याकडं याला कुस्ती झोपवणं म्हणतात. असा पैलवान गुणांवर जिंकतो, पण त्याला इनाम देताना गावाचा हात आखडतो. तिन्ही न्यायाधीशांनी ११९-१०४ असा निकाल दिला, म्हणजे प्रश्नच नव्हता. ज्याला एवढं येतं त्यानं असं का लढावं, याचं उत्तर मात्र मागं जाऊन शोधावं लागतं.

मार्च २००३, हॅनोव्हर. कॉरी सँडर्स नावाचा दक्षिण आफ्रिकेचा डावखुरा, ज्याला ठोसे मारण्यापेक्षा गोल्फ जास्त आवडायचा, त्यानं क्लिच्कोला दोन फेऱ्यांत चार वेळा पाडून घरी पाठवलं. एप्रिल २००४, लास व्हेगास. लॅमन ब्रूस्टरला चार फेऱ्या बडवून काढल्यावर पाचव्या फेरीत क्लिच्कोचेच पाय गेले. काचेची हनुवटी, दम नाही, मनानं कच्चा, संपला, असं सगळं बोलून झालं. त्या ब्रूस्टरच्या लढतीपासून त्याच्या कोपऱ्यात डेट्रॉइटच्या क्रॉंक जिमचे इमॅन्युएल स्टुअर्ड बसू लागले होते. लेनॉक्स लुईसला घडवणारा वस्ताद. त्यांनी या माणसाला नव्यानं उभं केलं: अंतर राखायचं, डावा हात पुढं, जवळ आला की बांधून टाकायचा. सप्टेंबर २००५ मध्ये अटलांटिक सिटीत सॅम्युएल पीटर या नायजेरियन घणानं त्याला तीन वेळा खाली पाडलं. क्लिच्को तीनदा उठला, उरलेल्या फेऱ्या डोकं ठिकाणावर ठेवून लढला आणि जिंकला. बर्डकडून किताब घेतला तो त्यानंतर. २००७ मध्ये ब्रूस्टरला पुन्हा बोलावलं, तो सहा फेऱ्यांनंतर स्टुलावरून उठला नाही.

म्हणजे ती कंटाळवाणी मिठी भित्रेपणातून आली म्हणता येईल, पण एकदा पोळलेल्या माणसानं मुद्दाम बांधलेला तो बांध होता. मला तो बघायला आवडत नाही. त्याची किंमत मात्र कळते. आणि विरोधकांची यादी घेऊन बसणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, की अठ्ठावीस वर्षांच्या वयापर्यंत तीनदा नॉकआउट झालेल्या किती हेवीवेटांनी पुढं साडेनऊ वर्षं राज्य केलंय, एक तरी नाव सांगा.

दुसरा आरोप जरा नाजूक आहे. क्लिच्कोच्या काळातला दुसरा सगळ्यात मोठा हेवीवेट त्याच्याच घरात होता. थोरला भाऊ विताली, ४७ लढती, ४५ विजय, ४१ नॉकआउट. हरला ते दोनदाच, एकदा खांदा दुखावला म्हणून आणि एकदा लेनॉक्स लुईससमोर डोळ्यावर जखम झाली म्हणून, आणि दोन्ही वेळा गुणांत पुढं असताना. व्यावसायिक रिंगमध्ये कुणीही त्याला पाडलं नाही. २०११ च्या जुलैमध्ये डेव्हिड हे हरल्यावर जगातले सगळे मोठे पट्टे, म्हणजे जगज्जेतेपदाचे किताब, या दोन भावांच्या कपाटात होते. पण आईला शब्द दिलेला, एकमेकांशी लढणार नाही. त्या काळातली एकच तोलामोलाची जोड होती आणि ती लागणं शक्य नव्हतं. इतर सगळ्यांना एकानं हरवलं तर दुसरा होताच, त्यामुळं बाकीचा गट आणखीच केविलवाणा दिसला. हा दोष कुणाच्या माथी मारायचा? अण्णांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते पहिल्यांदाच क्लिच्कोच्या बाजूनं बोलले: "आईला शबूद दिला म्हंल्यावर इषय संपला." मला मात्र विषय संपलाय असं वाटत नाही. नातं म्हणून ते बरोबर, हिशेब म्हणून ते कोरं पान, आणि कोऱ्या पानावर कुणाचंच नाव लिहिता येत नाही. 'विताली जिंकला असता' असं छातीठोक सांगणारे जितके भेटतात तितके मला पटत नाहीत.

पट्ट्यांची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. मुष्टियुद्धात जगज्जेतेपद देणाऱ्या चार मोठ्या संस्था आहेत आणि त्या प्रत्येकीचा राजा वेगळा असू शकतो, हे पूर्वी मला टपरीवर समजावून सांगताना घाम फुटायचा. आता सोपं झालंय. २०२५ मध्ये आपल्या राज्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चअखेर कर्जतला आपला सोलापूरचा वेताळ शेळके. दोन संघटना, दोन गदा. वेताळची मिरवणूक बघून लोक खूश होते आणि त्याच मिरवणुकीत मागं दोघं कुजबुजत होते, "पण खरा कुठला धरायचा?" पोरानं आपल्यासमोर आणलेले सगळे पाडले. समोर कोण आणायचं हे त्याच्या हातात नव्हतं, संघटनांच्या भांडणात होतं. त्याच्या गदेवर चढलेली शंका त्याची नाही. क्लिच्कोनं तर चारपैकी तीन मोठे पट्टे एका कमरेला बांधले, चौथा भावाकडं होता. संस्थांच्या भाषेत यापेक्षा जास्त एकट्या माणसानं करायचं काय शिल्लक होतं?

एक उदाहरण मुद्दाम देतो, कारण त्यात आपलाच माणूस आहे. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्य आपल्याला पाठ आहे. त्यांनी कुणाला हरवून ते मिळवलं हे टपरीवर विचारा. कॅनडा, मेक्सिको, जर्मनी, एकही उत्तर येणार नाही. ते सुवर्णविजेत्या जपानच्या इशीकडून हरले हेही फार थोड्यांना ठाऊक. खाशाबांच्या विरोधकांची प्रतवारी आपण कधी काढली नाही आणि काढू नये. मग परक्या माणसाला मापताना आपण एवढे सोनार का होतो? खरं सांगायचं तर मला याचं उत्तर ठाऊक आहे. क्लिच्को आपल्याला आवडला नाही. हसायचा नाही, शिव्या द्यायचा नाही, डॉक्टरेट घेऊन बसलेला, एखाद्या प्राध्यापकासारखा रिंगमध्ये यायचा, ठरलेलं काम करायचा आणि जायचा. माइक टायसनचं पोस्टर आमच्या प्रत्येक व्यायामशाळेत आहे, आणि १९८८ मध्ये टायसननं ९१ सेकंदांत झोपवलेला मायकल स्पिंक्स मुळात खालच्या वजनातून वर आलेला होता हे त्या पोस्टरखाली कुणी लिहीत नाही. आवडत्याच्या बाबतीत काटा काढायचा नाही आणि नावडत्याची खळ मात्र धुऊन बघायची.

मी क्लिच्कोला लुई आणि अलीच्या पंगतीला बसवत नाही. लॅरी होम्सच्याही खाली ठेवीन. होम्सनं नॉर्टनला पंधरा फेऱ्या तोंडावर तोंड देऊन हरवलं, तसली एक रात्र क्लिच्कोकडं नाही. पण लेनॉक्स लुईसच्या शेजारचा पाट त्याचा आहे, आणि तिथून त्याला उठवायचं असेल तर उठवणाऱ्यानं चगाएव-पोव्हेत्किनपेक्षा बरं कारण आणावं.

परवा भाचा पुन्हा टपरीवर भेटला. आता त्याचं स्वतःचं पोरगं दहावीत आहे आणि ते ओलेक्सांद्र उसिकचं भक्त. उसिकनं जोशुआला दोनदा हरवलं, २०२४ मध्ये फ्युरीला दोनदा, ड्युबॉला दोनदा, अजून एकही हार नाही. पोरगं हे सगळं एका दमात सांगत होतं. भाच्यानं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "का बे, फ्युरी तवा संपलेला हुता. जोशुआ मनानं मोडलेला. समोर हाय कोण आता?"

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि टपरीवाल्याला आणखी दोन कट सांगितले.